नऊला बारा कमी

“नवा पत्रा घरात आला की त्याला आधी पाहुण्यासारखं बसवायचं. आल्या आल्या कामाला जुंपायचं नाही.”

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे मला सांगितलं. मी त्यांचा चहा घेऊन खाली वर्कशॉपमध्ये गेले होते. ते एका जुन्या पिकअपला नवं दार लावत होते आणि दार धरायला कुणी नव्हतं. “मोठे, जरा धर,” म्हणाले. मी कप खाली ठेवला आणि दार धरलं. त्याला आता सोळा वर्षं झाली. तो चहा कुणी प्यायल्याचं मला आठवत नाही.

आम्ही जुन्या पिकअप गाड्या पुन्हा उभ्या करतो. मूळ कंपनीनं त्यांचे भाग बनवणं कधीच थांबवलंय. दारं, मडगार्ड, बॉनेट, केबिनचा तळ, हौद्याच्या फळ्या, सगळं बाहेरच्या कारखान्यांतून खोक्यांत येतं. खोक्यावर छापलेलं असतं, ‘मूळ भागाप्रमाणे हुबेहूब’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. डावं दार ज्यानं केलं त्यानं उजवं पाहिलेलं नसतं, आणि दोघांनीही गाडी पाहिलेली नसते. म्हणून प्रत्येक भाग आधी नुसता अडकवायचा. बोल्ट बोटांनी फिरवायचे, पान्याला हात लावायचा नाही. मग फटी बघायच्या, सरकवायचं, घासायचं, पुन्हा अडकवायचं. आठ-आठ दिवस गाडी अशी ढिली उभी असते. येणारा-जाणारा म्हणतो, अजून इतकंच झालं का?

हे काम माझ्या हाताला बसलं. माझे यजमान खोकी मागवतात, गिऱ्हाइकांशी बोलतात. पत्र्याचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. धाकटे दीर बोटीवर असतात, सहा-सहा महिने घरी नसतात. त्यामुळे बाबांच्या हाताखाली मीच राहिले. दाराची फट मी आइस्क्रीमच्या काडीनं बघते. काडी वरपासून खालपर्यंत न अडता, न डुगडुगता फिरली की दार बसलं. पुढे बाबांची दृष्टी गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही. तेव्हापासून ते पायरीपाशी मोटारीच्या एका सुट्या सीटवर बसतात आणि दारं ऐकतात. “मोठे, ऐकव,” म्हणायचे. मी दार ढकलायची. ‘खडाक’ झालं की मान आडवी हलायची. ‘धप्’ असा भरलेला आवाज आला की म्हणायचे, “हं.” त्या एका ‘हं’वर मी चार दिवस काढत असे.

माझं सकाळचं मौन असतं. उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत बोलायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका सकाळी माझ्या तोंडून सासूबाईंना एक वाक्य गेलं. ते त्यांना लागलं. मी माफी मागेन मागेन म्हणेपर्यंत त्या गेल्या. तेव्हापासून हा नेम आहे. हातात माळ असते, ओठांत देवाचं नाव असतं, आणि काम चालूच असतं; पत्र्याला बोललेलं लागत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर भिंतीला पाटी टांगलेली आहे, खडू माझ्या ॲप्रनच्या खिशात असतो. बहुतेक वेळा मान हलवून भागतं.

मग दोन वर्षांपूर्वी धाकटी जाऊ आली.

तिनं लग्नाआधीच वेल्डिंगचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. प्रमाणपत्र होतं, स्वतःचं हेल्मेट होतं, त्यावर तिनं डोळे मिचकावणारं मांजर रंगवलं होतं. तिला सगळे ठिणगी म्हणू लागले. नाव बाबांनीच ठेवलं. मला सोळा वर्षांत त्यांनी नाव ठेवलं नाही. मी मोठी म्हणून मोठी. त्यात माझं काय?

ती सारखी बोलायची. पत्र्याशी, पान्याशी, मांजराशी, बाबांशी. “बाबा, हे मडगार्ड ज्यानं केलंय ना, त्याला आधी चंद्र दाखवायला हवा होता. गोल म्हणजे काय ते तरी कळलं असतं.” बाबा हसायचे. पोट हलवून हसायचे. मी त्या घरात आल्यापासून त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. सकाळी नव्या भागांची यादी मोठ्यानं वाचून दाखवायचं काम पूर्वी मी करत असे, नऊनंतर. आता ती आठलाच वाचून मोकळी व्हायची, वर प्रत्येक भागावर शेरा. नऊ वाजता माझं तोंड उघडायचं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

माझ्या हातात माळ असायची आणि मी मोजायची हाका. आज बाबांनी तिला अकरा वेळा हाक मारली. मला दोनदा, त्यातली एकदा “मोठे, ठिणगी कुठंय?” अशी. देवाच्या नावाचा हिशेब चुकायचा, हाकांचा कधी चुकला नाही. तिची वेल्डिंगची ओळ बघितली की मनात यायचं, वाकडी असू दे. ती सरळ असायची. एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारखी. मी म्हणायची, “छान झालीय हो.” आवाज माझा मुळातच मऊ आहे, त्याखाली काय चाललंय ते कुणाला कळत नाही.

त्यातच मधवाल्याची पिकअप आली. मधमाश्यांच्या पेट्या न्यायला त्याला वडिलांकडे होती तशीच गाडी हवी होती. त्यानं आणला तो फक्त गंजलेला सांगाडा आणि केबिनचं वरचं टोपण. बाकी सगळं खोक्यांत. बावीस खोकी, चार कारखाने.

“ह्यात गाडी कुठंय?” ठिणगीनं विचारलं.

“आहे म्हणतात,” माझे यजमान म्हणाले. “जोडली की दिसेल.”

बाबांनी खोक्यांवरून हात फिरवला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “ही केबिन ठिणगी करेल. एकटी. जमली तर पुढच्या सगळ्या केबिनी तिच्या.”

मी खोक्याची दोरी सोडत होते. सोडतच राहिले.

“आणि ताई?” ठिणगी म्हणाली. तिनं विचारलं म्हणून मला आणखी राग आला.

“मोठी दारं बघेल की.”

म्हणजे ती घर बांधणार आणि मी दारं-खिडक्या लावणार.

केबिनचं काम जोखमीचं असतं. दाराच्या खाली, आत पाय टाकताना जो लांब पत्रा लागतो, त्याला आम्ही उंबरा म्हणतो. जुना उंबरा आणि तळ कापून काढला की वरच्या टोपणाला खालून आधार राहत नाही. मग दाराचे खांब हळूच फाकतात. म्हणून कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या-तिरप्या वेल्ड करून ठेवतात. नवे उंबरे, नवा तळ, सगळं पक्कं होऊन दार एकदा लागेपर्यंत त्या नळ्यांना हात लावायचा नसतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. ठिणगीच्या शिक्षणातही नव्हतं. तिथं नळ्या जोडायला शिकवतात, कधी काढायच्या ते नाही.

तिनं नळ्या लावल्या, छान लावल्या. जुने उंबरे कापले. नवे उंबरे दोन सूत लांब निघाले, तेही तिनं घासून बसवले आणि ठिकठिकाणी टाके मारले. टाके म्हणजे कच्ची शिवण. कच्च्या शिवणीवर सदरा घालून कुणी बाहेर पडत नाही. बाबा रोज विचारायचे, “कसं चाललंय?” ती अर्धा तास सांगायची. मी चार हातांवर दुसऱ्या एका गाडीच्या दारांच्या फटी काडीनं बघत बसायची.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच खाली होतो. बाबा डॉक्टरकडे गेले होते, हे त्यांच्याबरोबर. समोर घड्याळ होतं. नऊला बारा मिनिटं कमी.

ठिणगी केबिनमध्ये उकिडवी बसून तळाचा पत्रा आत सरकवत होती. सरकत नव्हता. नळ्या आड येत होत्या.

“ताई, ह्या नळ्या माझ्या बरगड्या मोजतायत,” ती आतून ओरडली. “उंबऱ्यांना टाके मारून झालेत. आता काढू ना ह्या? तळ टाकला की आपोआप पक्कं होईल सगळं.”

मी तिच्याकडे बघितलं.

“बोलू नका हो, तुमचं मौन मोडायचं पाप नको मला. नुसती मान हलवा. खाली-वर म्हणजे काप, आडवी म्हणजे गप बस.”

पाटी माझ्या उजव्या हाताशी होती. खडू खिशात होता. मान तर खांद्यांवरच होती. पत्रा तिरका करून, आधी पुढची कड घालून, नळ्यांखालून आत जातो हे मला माहीत होतं. मी स्वतः सहा वेळा घातलाय. मी डोळे मिटले.

देवाचं नाव घेत होते असं म्हणायची सोय होती. मी घेत नव्हते. मी ऐकत होते.

“बरं,” ती हसून म्हणाली. “ताईंनी डोळे मिटले म्हणजे आशीर्वाद. नको असतं तर एव्हाना पाटीवर निबंध लिहिला असता.”

ग्राइंडर सुरू झाला. एकेक नळी जमिनीवर पडायची तसा खणखणाट व्हायचा. मी डोळे उघडले तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि दोन्ही चौकटी मोकळ्या होत्या. अजून तळाला एक टाका लागला नव्हता. अजून सांगता आलं असतं, नळ्या पुन्हा जोडता आल्या असत्या. माझं मौन सुटलं होतं.

“चहा ठेवू का गं?” मी म्हणाले.

तीन दिवसांनी दारं लावायची वेळ आली. माझं काम. बिजागऱ्या अडकवल्या, बोल्ट बोटांनी फिरवले, काडी घेतली. वर काडी जाईना. खाली दोन काड्या जायला लागल्या. दार सरकवलं, बिजागरीखाली पत्रा घातला. काही उपयोग नव्हता. वेल्डिंगच्या तापानं तळ ताणला गेला होता आणि मागचा खांब बोटभर मागे गेला होता. दाराची जीभ खांबावरच्या कडीपर्यंत पोचतच नव्हती.

मधवाला त्याच दिवशी आला होता. बाबा सीटवर बसले. “ऐकव,” म्हणाले.

मी दार ढकललं. काहीच आवाज झाला नाही. दार लागलंच नाही. जाऊन परत आलं.

बाबा उठले. हातानं चौकट चाचपली, वर, खाली, मागचा खांब. बराच वेळ चाचपत राहिले. मग विचारलं, “नळ्या कधी काढल्या?”

“तळ टाकायच्या आधी,” ठिणगी म्हणाली.

“कुणाला विचारून?”

मी खाली बघत होते. आता माझं नाव येणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं: माझं मौन होतं, मला ग्राइंडरच्या आवाजात कळलंच नाही.

“कुणाला नाही,” ती म्हणाली. “ताईंचं मौन होतं. माझी मीच कापल्या.”

खरं सांगते, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो मत्सरच. तो मोठेपणासुद्धा तिनंच घेतला. माझ्याकडे काही म्हणून ठेवलं नाही.

मधवाला भला माणूस होता. “पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तर माश्या काही रुसत नाहीत,” म्हणाला आणि गेला. बाबा सीटवर जाऊन बसले. “मोठे, आता ही केबिन तू घे. तळ उसवावा लागेल. ठिणगे, तू हिच्या हाताखाली राहा आणि बघ.”

“नको, बाबा,” ठिणगी म्हणाली. ती हातमोजे काढत होती, एकेक बोट ओढून. “दोन वर्षं बघतच होते. पलीकडच्या रस्त्यावरच्या फाटकवाल्याला वेल्डर हवाय. उद्या त्याला भेटते. जाळ्या करते. जाळीला दार नसतं.”

कुणी हसलं नाही. तिनं मांजराचं हेल्मेट काखोटीला मारलं आणि ती वर गेली.

त्या दुपारी बाबांनी मला पाच वेळा हाक मारली. मोठे, तळ कुठून उसवतेस? मोठे, साखळी आहे ना खांब ओढायला? मोठे, घाई करू नकोस. मोठे. मोठे. सोळा वर्षांत एका दुपारी इतक्या हाका पहिल्यांदाच. मी एकेक मोजली, आणि एकही गोड लागली नाही. तोंडाला चव नसली की माणूस जेवतो तशी मी ती दुपार गिळली.

ह्यांनी जाता जाता भर घातली. “बघ, फिरून तुझ्याकडेच आलं. देवाला कळतं हो सगळं.”

“कळतं,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी दोनदा जिना चढले. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून कपाट उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. दोन्ही वेळा वरून तिसऱ्या पायरीवरून परतले. मग खाली आले. बाबा अजून तिथंच बसले होते. त्यांना दिवा लावला काय, न लावला काय.

“बाबा,” मी म्हणाले, “नळ्या काढू का, असं तिनं मला विचारलं होतं.”

ते सीटवर पुढे सरकून बसले.

“मला माहीत होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. मी डोळे मिटून बसले. आणि नऊ वाजल्यावरही सांगितलं नाही.”

“का?”

“तुम्ही तिला जास्त हाका मारता.” हे मोठ्यानं म्हटल्यावर इतकं लहान वाटलं की मला खोक्यात जाऊन बसावंसं वाटलं. चाळीस वर्षांची बाई मी.

बाबा मोठ्यांदा नाही, पण हसले. मग थांबले. “मारतो. ती आवडते मला, खोटं कशाला बोलू? अगं, मला दिसतं काय? जो बोलतो तो माझ्यासाठी आहे. ती उठली की तिचा आवाज जिन्यावरून खाली येतो, मग मला कळतं सकाळ झाली. तू माझ्या शेजारून जातेस, माझा कप ठेवतेस, माझ्यासमोर तीन तास काम करतेस. नऊपर्यंत तू माझ्या लेखी घरातच नसतेस. हाक कुणाला मारू? मारली तर उत्तर येणार नाही, हे माहीत असताना?”

मला हे कधी सुचलं नव्हतं. त्यांची दृष्टी गेल्याला सहा वर्षं झाली. मान हलवून भागतं म्हणत मी सहा वर्षं त्यांच्यासमोर मान हलवत होते.

“तुमच्या डोळ्यांचं माझ्या ध्यानातच...”

“असू दे. ते माझं. मी तुझा नेम मोडायला सांगत नाही, तुझा आणि देवाचा तो व्यवहार.” त्यांनी हात पुढे केला, मी धरला. “पण हे मला सांगून काय उपयोग? तिला सांग. आणि ती फाटकवाल्याला शब्द द्यायच्या आत सांग. एकदा शब्द दिला की ती फिरवायची नाही, तशी नाहीच ती.”

“सांगते.”

“केव्हा?”

“ती निघायच्या आत.”

“शब्द?”

“शब्द,” मी म्हणाले.

तरी रात्री मी वर गेले नाही. ती थकली असेल, झोपली असेल, अशी कारणं मीच मला देत राहिले. सकाळी उठले, अंघोळ केली, दिवा लावून बसले, माळ हातात घेतली. नऊनंतर सांगू. फाटकवाला आठला दुकान उघडतो हे मला माहीत होतं. तरी मनात हेच: नऊनंतर. किती सोयीचे झाले होते ते नऊ!

साडेसातला जिन्यावर तिची पावलं वाजली. आज ती बोलत नव्हती. खाली बाबांपाशी थांबली, काहीतरी पुटपुटली. मग फाटकाची कडी वाजली.

मी बसून होते. दोन मणी ओढले. दोन्ही वेळा ओठांवर आलं ते देवाचं नाव नव्हतं, ते माझंच वाक्य होतं, सासूबाईंना बोललेलं. ते तोंडातून गेलं म्हणून मी गप्प राहू लागले, आणि आता गप्प राहूनच दुसऱ्या कुणाला तेच लावलं होतं. देवासमोर ह्याचा युक्तिवाद काय करणार? हात जोडले. माळ दिव्यापाशी ठेवली.

खाली बाबा सीटवर बसले होते, मान फाटकाकडे. मी चपला घातल्या. त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी मान वळवली, पण विचारलं काही नाही.

“बाबा, मी तिच्याकडे जाऊन येते,” मी म्हणाले. सकाळी त्या वेळी माझा आवाज मलाच परका वाटला, सर्दी झाल्यासारखा.

“भराभर चालते ती,” बाबा म्हणाले. “उजवीकडून जा, गाड्या धुतात त्या गल्लीतून. चौकात गाठशील.”

मी फाटक ओढून घेतलं आणि गल्लीत वळले. जमीन ओली होती. चपला हातात घेतल्या आणि चालायला लागले.